फॅमिली डॉक्टर राहून प्राध्यापक, विभागप्रमुख होता येतं का?

प्रश्न एका तरुण डॉक्टरचा आहे. थोडक्यात असा: फॅमिली मेडिसिनमधलं पदव्युत्तर शिक्षण संपत आलंय. पेशंट बघायला आवडतं, शिकवायलाही आवडतं, आणि पुढे प्राथमिक आरोग्यसेवेत काही नेतृत्वाचं काम करावं असं मनात आहे. पण वरिष्ठ म्हणतात, "एक काहीतरी ठरव. प्रॅक्टिस कर, नाहीतर कॉलेजात जा." दोन्ही जमतं का? कोणत्या क्रमाने करावं? आपल्या शाखेला कॉलेजात मान मिळतो का? आणि पीएचडी आत्ताच उरकून टाकावी का?

जमतं. मी बरीच वर्षं दोन्ही करत आले आहे. या शाखेत ज्यांचं काम टिकून राहिलं, त्यातले बहुतेक जण दोन्ही करणारेच होते. तुमचे वरिष्ठ सांगतात ते त्यांच्या शाखेपुरतं खरं असेल. तिथे पेशंट, प्रयोगशाळा आणि वर्ग एकाच आवारात असतात. आपला पेशंट मात्र कॉलेजच्या आवारात फारसा येतच नाही, तो दवाखान्यात येतो. त्यामुळे फॅमिली मेडिसिनच्या प्राध्यापकाने प्रॅक्टिस सोडणं म्हणजे सर्जनने थिएटर सोडण्यासारखं आहे. पद राहतं, पण चार-पाच वर्षांत सांगण्यासारखं नवं काही उरत नाही.

पेशंट कॉलेजात येत नाही म्हणजे किती, याचा एक जुना हिशेब आहे. १९६१ मध्ये केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती एकत्र करून तो मांडला. १००० प्रौढ माणसं घ्या. एका महिन्यात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण हॉस्पिटलात भरती होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे रेफर केलं जातं आणि विद्यापीठाच्या हॉस्पिटलात पोचतो फक्त १. २००१ मध्ये लॅरी ग्रीन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेपुरता हा हिशेब नव्याने केला. मधल्या ४० वर्षांत औषधं बदलली, यंत्रं आली, विमा बदलला. चित्र जवळजवळ तेच राहिलं, आणि विद्यापीठाच्या हॉस्पिटलात भरती होणारे तर हजारात एकाहूनही कमी निघाले. आपण विद्यार्थी म्हणून पाच-सहा वर्षं जे शिकतो ते मुख्यतः त्या एकावरून. उरलेल्या २४९ जणांचं वैद्यकशास्त्र कोणीतरी लिहायला हवं, शिकवायला हवं. तुम्ही ज्याला नेतृत्व म्हणताय त्याचं मूळ काम हेच. समित्या आणि खुर्च्या त्यानंतरच्या गोष्टी.

हे वैद्यकशास्त्र वेगळं का, ते आकड्यांत दाखवते. एक तपासणी घ्या. आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांमध्ये ती पॉझिटिव्ह येते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांमध्ये निगेटिव्ह. हॉस्पिटलच्या खास ओपीडीत, जिथे गाळून पाठवलेल्या १००० पैकी ५०० जणांना खरोखर तो आजार आहे, तिथे पॉझिटिव्ह येतील ५००. त्यातले ४५० खरे आजारी. तिथला स्पेशालिस्ट रिपोर्टवर विश्वास ठेवतो ते बरोबरच आहे. आता तीच तपासणी तुमच्या दवाखान्यात करा, जिथे १००० पैकी १० जणांनाच आजार आहे. पॉझिटिव्ह येतील १०८: ९ खरे आणि ९९ खोटे. रिपोर्ट तोच, यंत्र तेच, पण इथे बारातल्या अकरा माणसांना तुम्ही विनाकारण घाबरवणार आणि पुढच्या तपासण्यांच्या रांगेत उभं करणार. हॉस्पिटलात शिकलेली सवय दवाखान्यात जशीच्या तशी चालवली की काय होतं, ते या दोन ओळींत दिसतं. नव्या रेसिडेंटच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरच्या, पहिल्याच आठवड्यात मी हे गणित फळ्यावर करायला लावते. डोळ्यांनी वाचून ते अंगात मुरत नाही, हाताने करावं लागतं.

मानाचं उत्तर पटकन देते, कारण त्यावर फार वेळ घालवू नये. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या वेतनासाठी नेमलेल्या आयोगापुढे लॉर्ड मोरान यांची साक्ष झाली. हे चर्चिलचे डॉक्टर, आणि मोठ्या मेडिकल कॉलेजचे २५ वर्षं डीन राहिलेले. त्यांच्या सांगण्याचा अर्थ असा की हुशार माणसं कन्सल्टंट, म्हणजे हॉस्पिटलातले स्पेशालिस्ट, व्हायला निघतात, ती एक शिडी आहे आणि तिच्यावरून जे पडतात ते जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे तिकडचे फॅमिली डॉक्टर, होतात. पाचच वर्षांनी, १९६३ मध्ये, एडिनबरा विद्यापीठाने रिचर्ड स्कॉट यांना जनरल प्रॅक्टिसचे प्राध्यापक नेमलं. जगातलं या विषयाचं ते पहिलं प्राध्यापकपद. १९६८ मध्ये इयन मॅकव्हिनी इंग्लंडमधली प्रॅक्टिस सोडून कॅनडात, वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात, फॅमिली मेडिसिनचे तिथले पहिले प्राध्यापक झाले. १९६९ मध्ये अमेरिकेत ही स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून मान्य झाली. मोरानसाहेबांची शिडी अजून काही स्टाफरूममध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली दिसेल. दिसू द्या. तिला उत्तर देण्यात चहा गार होतो.

आता क्रमाबद्दल.

पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर पहिली तीन ते पाच वर्षं एकाच ठिकाणी प्रॅक्टिस करा. एकाच ठिकाणी, यावर माझा भर आहे. सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या करत फिरलात तर आजार दिसतील, पण त्यांचा पुढचा प्रवास दिसणार नाही. ज्या मुलाचा दमा तुम्ही पाचव्या वर्षी पाहिलात तो दहाव्या वर्षी कसा आहे? पोटदुखी म्हणून जी बाई चारदा आली, तिचं पाचव्यांदा काय निघालं? फॅमिली डॉक्टरचं ज्ञान अशा उत्तरांतूनच जमत जातं.

या काळात शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे अनिश्चिततेत काम करणं. पहिल्या दिवशीचा ताप हा नुसता ताप असतो, त्याला नाव नसतं. अशा वेळी थांबून बघणं हीच तपासणी. पण "बघू या" एवढंच म्हणून पेशंटला वाटेला लावलंत तर तो निव्वळ निष्काळजीपणा. थांबायचं असेल तर तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्या लागतात: मला सध्या काय वाटतंय, काय दिसलं तर लगेच यायचं, आणि काहीच दिसलं नाही तरी परत कधी भेटायचं. "तीन दिवसांत ताप उतरला नाही, पाणीही पोटात राहीना, लघवी कमी झाली किंवा मूल नेहमीसारखं ओळख देईनासं झालं, तर रात्र असली तरी या." हे वाक्य केस पेपरवरही लिहायचं. नवे डॉक्टर निदान लिहितात, हे लिहायला विसरतात.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. आमच्याकडे पेशंटची परवानगी घेऊन रेसिडेंटच्या कन्सल्टेशनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं आणि नंतर आम्ही ते सोबत बसून बघतो. त्यातलं एक, तपशील बदलून. पन्नाशीचे गृहस्थ, बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून आलेले. रेसिडेंटने नीट बीपी मोजलं, १३८/८६, पाय सुजतात का विचारलं, प्रिस्क्रिप्शन दिलं. सगळं पाच मिनिटांत. गृहस्थ उठले, दारापाशी गेले, कडीला हात लावला आणि म्हणाले, "जाता जाता एक विचारायचं होतं. या गोळ्यांनी झोप उडते का हो?" रेसिडेंट स्क्रीनकडे बघत म्हणाला, "नाही, या गोळ्यांनी नाही." आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

व्हिडिओ तिथेच थांबवला. मी विचारलं, उत्तर बरोबर होतं का? बरोबर होतं. मग अडचण काय? तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने मागे नेऊन परत लावलं आणि या वेळी आवाज बंद करून बघितलं. गृहस्थ बसल्यापासून तीनदा बोलायला तोंड उघडतात आणि तिन्ही वेळा रेसिडेंटची मान कीबोर्डकडे वळलेली. दारातला प्रश्न गोळ्यांबद्दलचा नव्हताच. पुढच्या भेटीत त्याने खुर्ची वळवून फक्त एवढंच विचारलं, "मागच्या वेळी झोपेचं काहीतरी म्हणत होतात." त्यानंतर वीस मिनिटं गृहस्थच बोलत होते. नोकरी गेली होती, घरी सांगितलं नव्हतं.

याच विषयावर १९५० च्या दशकात मायकल बालिंट या मनोविश्लेषकाने लंडनमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचे गट चालवले. दर आठवड्याला डॉक्टरांनी जमायचं आणि आपल्याला छळणाऱ्या, अडकवणाऱ्या एखाद्या पेशंटबद्दल बोलायचं. कागद नाहीत, रिपोर्ट नाहीत. डॉक्टर स्वतःच औषधासारखा काम करतो आणि त्या औषधालाही मात्रा आणि दुष्परिणाम असतात, हा त्यातून निघालेला विचार. असा गट तुमच्या आसपास असेल तर जरूर जा, नसेल तर चार जणांना घेऊन सुरू करा. नेतृत्वाचा पहिला धडा म्हणून तो कोणत्याही मॅनेजमेंट कोर्सपेक्षा मला उपयोगी पडला.

मग संशोधन. इथे तरुण मंडळी हमखास चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. कुठला विषय चालतोय, कशाला ग्रँट मिळते, कुठलं जर्नल छापेल. आपल्या शाखेतलं जे संशोधन टिकलंय ते दवाखान्यातल्या प्रश्नांतून आलंय.

जेम्स मॅकेन्झी घ्या. बर्नली या इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या गावात १८७९ पासून जवळजवळ तीन दशकं त्यांची प्रॅक्टिस होती. नाडी अनियमित असलेले पेशंट येत. त्या काळी असं काही सापडलं की माणसाला खाटेवर झोपवून ठेवत. मॅकेन्झींना प्रश्न पडला की यातली कुठली अनियमितता घातक आणि कुठली निरुपद्रवी? त्यांनी नाडीचा आलेख काढायचं यंत्र जुळवलं. पण त्यांचं खरं बळ यंत्रात नव्हतं. ज्यांचे आलेख काढले ती माणसं वर्षानुवर्षं त्यांच्याच दवाखान्यात येत राहिली, म्हणून कोणाचं काय झालं ते त्यांना कळलं. तरुणांमध्ये श्वासाबरोबर बदलणारी नाडी आणि अधूनमधून पडणारा जादा ठोका हे बहुधा निरुपद्रवी असतात, हे त्यातून पुढे आलं आणि कित्येक धडधाकट माणसं खाटेवरून उठली. मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञाला हे शोधता आलं नसतं, कारण त्याच्याकडे पेशंट एकदा यायचा आणि निघून जायचा. एडिनबराचं ते पहिलं प्राध्यापकपद मॅकेन्झींच्याच नावाचं आहे.

विल्यम पिकल्स यॉर्कशरच्या वेन्सलीडेल खोऱ्यातले गावडॉक्टर. खोऱ्यातली गावं लहान, कोण कोणाकडे गेलं, कोणत्या जत्रेत कोण कोणाला भेटलं हे सगळ्यांना ठाऊक. १९२९ मध्ये काविळीची साथ आली तेव्हा त्यांनी प्रत्येक केस कोणत्या दिवशी, कोणाच्या संपर्कातून, हे टिपून ठेवलं. शहरात संपर्काचा एवढा स्वच्छ धागा सापडणं अशक्य होतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जवळपास महिना जातो, हे त्यांनी त्या नोंदींवरून दाखवलं. पुढे ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांचं कॉलेज १९५२ मध्ये स्थापन झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष पिकल्स झाले. क्रम बघा: आधी वही, मग अध्यक्षपद.

आणि ज्युलियन ट्युडर हार्ट. दक्षिण वेल्समधलं ग्लिनकॉरुग हे खाणकामगारांचं गाव. तिथे त्यांनी फक्त येतील त्यांचंच नाही, तर दवाखान्यात नाव नोंदवलेल्यांच्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचं बीपी मोजलं. जे येत नव्हते त्यांना शोधून मोजलं. पाव शतकानंतर शेजारच्या तशाच गावाशी तुलना केली तेव्हा ग्लिनकॉरुगमधलं मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. १९७१ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेला नियम तुम्ही परीक्षेसाठी पाठ केला असेल: चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त गरज तिथेच सर्वांत कमी मिळते, आणि जिथे बाजाराचा जोर जास्त तिथे हे व्यस्त प्रमाण आणखी तीव्र होतं. आरोग्यधोरणात हा लेख आजही उद्धृत होतो, आणि तो लिहिणारा माणूस रोज सकाळी दवाखाना उघडत होता.

तिघांकडेही एक गोष्ट समान होती. आपल्याकडे एकूण माणसं किती, हे त्यांना माहीत होतं. हॉस्पिटलला फक्त आलेले पेशंट माहीत असतात, न आलेले नाहीत. म्हणून तुमच्या प्रॅक्टिसमध्ये पहिलं काम कराल ते यादीचं. कोण आपले, वय काय, दीर्घ आजार कोणते, शेवटची भेट कधी. आजारांची नावं एकसारखी लिहा. एकदा 'डायबेटिस', एकदा 'शुगर', एकदा 'डीएम' असं लिहून ठेवलंत तर तीन वर्षांनी कॉम्प्युटर तुम्हाला काहीही सांगू शकणार नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं कोणी कौतुक करत नाही, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. २०१२ मध्ये कॅरेन बार्नेट, स्ट्युअर्ट मर्सर, ब्रूस गथ्री यांच्या गटाने स्कॉटलंडमधल्या साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासून दाखवलं की एकाच माणसाला एकाहून जास्त दीर्घ आजार असणं ही अपवादाची गोष्ट उरलेली नाही, आणि सर्वांत वंचित वस्त्यांत ही अवस्था १० ते १५ वर्षं आधी येते. त्या नोंदी ३१४ दवाखान्यांत, रोजच्या घाईत, साध्या डॉक्टरांनी केल्या होत्या.

स्वतःच्या पेशंटवर संशोधन करताना एक धोका असतो, तो पुस्तकात असतो पण अंगावर आल्याशिवाय कळत नाही. तुमचा पेशंट तुम्हाला 'नाही' म्हणू शकत नाही. ज्या डॉक्टरने आईच्या शेवटच्या आजारपणात घरी येऊन बघितलं, त्याने पुढे केलेल्या फॉर्मवर माणूस वाचल्याशिवाय सही करतो. म्हणून संमती तुम्ही घेऊ नका, दवाखान्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीला घेऊ द्या, आणि कोणी नकार दिला ते तुम्हाला कळणार नाही अशी व्यवस्था करा. एथिक्स कमिटीने विचारलं नाही तरीही. आणि स्टॅटिस्टिशियनकडे माहिती गोळा करण्याआधी जा. नंतर गेलात तर तो फार सभ्यपणे मान हलवतो.

शिकवण्याबद्दल लोक विचारतात की वर्गात शिकवावं की दवाखान्यात. वर्गात शिकवावं लागतंच, पण आपली शाखा दवाखान्यात कळते. विद्यार्थी खोलीत असला की प्रत्येक पेशंटला काही मिनिटं जास्त जातात, हे नाकारून चालत नाही. त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट कमी ठेवा. विद्यार्थ्याला कोपऱ्यात स्टुलावर बसवू नका. त्याला पेशंटशी आधी एकट्याने बोलू द्या, मग पेशंटसमोरच तुम्हाला सांगू द्या. पेशंट स्वतःच मध्येच दुरुस्त करतो, "नाही नाही, दुखणं आधी सुरू झालं, ताप नंतर." यापेक्षा चांगला परीक्षक मी पाहिला नाही.

विभागप्रमुखपद साधारण चाळिशी-पन्नाशीत समोर येतं आणि अनेकदा नको त्या वेळी. या कामाचं कोणीही आधी न सांगितलेलं अंग म्हणजे तुमचा बराचसा विभाग कॉलेजबाहेर असतो. आमचे विद्यार्थी ज्यांच्याकडे शिकतात ते डॉक्टर गावोगावी, वस्त्यावस्त्यांत प्रॅक्टिस करणारे. त्यांना मानद पद, लायब्ररीचा लॉगिन, वेळेवर मानधन आणि वर्षातून एकदा तुमची प्रत्यक्ष भेट, एवढं मिळालं तरी ते टिकतात. मानधनाचं बिल वर्षभर अकाउंट्सच्या टेबलावर पडून राहिलं की ते बोलत नाहीत, फक्त पुढच्या वर्षी "यंदा जमणार नाही" असा निरोप येतो. मी प्रमुख झाले तेव्हा पहिले दोन महिने या दवाखान्यांना भेटी देण्यात घालवले आणि एका वरिष्ठ सहकाऱ्याने, "धोरण कधी ठरवणार?" असं विचारलं. तेच तर चाललं होतं.

डीनशी वाटाघाटी करताना भाषण उपयोगी पडत नाही, एक पान उपयोगी पडतं. आपला विभाग आठवड्याला किती विद्यार्थी-तास शिकवतो, किती दवाखाने आपल्यासोबत आहेत, एका विद्यार्थ्यामागे आपला खर्च किती आणि हॉस्पिटलातल्या पोस्टिंगचा किती. हे आकडे दर वर्षी अद्ययावत ठेवा. मोठे विभाग जागा मागतात तेव्हा त्यांच्या हातात खाटांची संख्या असते. आपल्याकडे खाटा नाहीत, म्हणून आपल्याला वेगळे आकडे हाती धरावे लागतात. आणि एक सापळा ओळखा: "तुमचा विभाग कॉलेजची जनरल ओपीडी सांभाळेल ना?" ऐकायला तो सन्मान वाटतो. प्रत्यक्षात तुमची सगळी माणसं गर्दी उपसण्यात जातात, तोच पेशंट परत त्याच डॉक्टरला भेटेल याची सोय नसते, आणि दोन वर्षांनी विचारतात की तुमचे पेपर का कमी. घ्यायचीच असेल तर नोंदणी केलेल्या ठरावीक कुटुंबांची ओपीडी घ्या.

बार्बरा स्टारफिल्ड यांनी प्राथमिक सेवेची चार लक्षणं सांगितली: पहिला संपर्क, सातत्य, सर्वांगीणता आणि समन्वय. त्या स्वतः बालरोगतज्ज्ञ, जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापक. चारही असतील तरच ती प्राथमिक सेवा. नुसता पहिला संपर्क म्हणजे चौकशीची खिडकी. १९७८ चा अल्मा-अता आणि २०१८ चा अस्ताना या प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या दोन आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यांनंतर प्राथमिक सेवेच्या नावाने पुष्कळ इमारती उभ्या राहिल्या. तुम्ही धोरणाच्या समितीवर बसाल तेव्हा प्रत्येक योजनेला हे चार प्रश्न विचारत चला. सर्वांत आधी कापलं जातं ते सातत्य, कारण ते दिसत नाही. त्याच्या बाजूने पुरावा मात्र भक्कम होत चाललाय. २०१८ मध्ये डेनिस परेरा ग्रे आणि सहकाऱ्यांनी २२ अभ्यास एकत्र पाहिले. त्यातल्या १८ मध्ये डॉक्टर तोच असण्याचा कमी मृत्यूंशी संबंध दिसला. नॉर्वेतल्या ४५ लाख लोकांच्या नोंदींत, १५ वर्षांहून अधिक काळ एकच डॉक्टर असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण, वर्षभरच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, कार्यकारण सिद्ध झालं असं म्हणू नका. समितीत कोणीतरी ते विचारणारच, तेव्हा आधी तुम्हीच सांगा. परेरा ग्रे यांचं उदाहरण तुमच्या प्रश्नालाही लागू पडतं: एक्झिटरमध्ये एकाच प्रॅक्टिसमध्ये दशकानुदशकं काम, तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक, आणि जनरल प्रॅक्टिशनरांच्या रॉयल कॉलेजचं अध्यक्षपदही.

पण याच सातत्यावर तुमच्या पदाचा पहिला घाव पडतो. मीटिंगा वाढतात, दवाखान्याचे दिवस कमी होतात, आणि जुने पेशंट म्हणू लागतात, "तुम्ही सापडतच नाही हल्ली." यावर मला उमगलेली व्यवस्था अशी: आठवड्यात किमान दोन दिवस, तेच वार, वर्षभर न हलणारे. त्या वारी डीनची मीटिंग आली तरी नकार. पहिल्या वर्षी लोक रागावतात, मग वार लक्षात ठेवून मीटिंग ठरवतात. पेशंटची यादी लहान करा आणि एका सहकाऱ्याबरोबर जोडीने सांभाळा, म्हणजे पेशंटला दोनच चेहरे लक्षात ठेवायचे. दोनाऐवजी एका दिवसावर आलात की रिपोर्टचा पाठपुरावा निसटू लागतो, आणि मग प्रॅक्टिस फक्त दाखवण्यापुरती उरते.

पैशांचं दोन ओळींत. पूर्णवेळ प्रॅक्टिसपेक्षा उत्पन्न बहुतेक ठिकाणी कमी राहतं. घरी हे आधी बोलून घ्या.

आता पीएचडी. आत्ता करू नका. आत्ता तुमच्याकडे स्वतःचा प्रश्न नाही, म्हणजे गाइडचा प्रश्न घेऊन चार वर्षं चालावं लागेल. दोन-तीन वर्षं प्रॅक्टिस झाल्यावर संशोधनपद्धतीचा किंवा एपिडेमिऑलॉजीचा (लोकसमूहात आजार कसे पसरतात याच्या शास्त्राचा) अर्धवेळ अभ्यासक्रम करा, एखादं लहान ऑडिट, म्हणजे आपल्याच दवाखान्यातल्या कामाची मोजून केलेली तपासणी, पूर्ण करून छापा, आणि जो प्रश्न दवाखान्यात पुन्हापुन्हा समोर येतो त्याची वेगळी वही ठेवा. त्यातला एखादा वर्षभरानंतरही सतावत राहिला तर तो पीएचडीचा. अपवाद एकच: पगारी फेलोशिप मिळत असेल, जिच्यात निम्मा वेळ क्लिनिकला आणि निम्मा संशोधनाला ठेवलेला आहे, तर ती सोडू नका, तशा जागा फार निघत नाहीत. मात्र रजिस्ट्रेशनआधी विद्यापीठाकडून लेखी घ्या की क्लिनिकचे दिवस संशोधनाच्या कोट्यातून कापले जाणार नाहीत, आणि गाइड निवडताना त्यांच्या मागच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला तरी फोन करून विचारा की पीएचडीच्या काळात त्यांना आठवड्यात किती दिवस पेशंट बघता आले.